मुसळाच्या घावावर शिकलेलं इंग्रजी

लग्न होऊन पनवेलजवळच्या गावात आले तेव्हा माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं घरीच वाचून केलं. गावच्या शाळेत शिक्षिकेची एक जागा होती, आणि हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "मॅट्रिक व्हा, जागा तुमची." बाकीचे विषय निघाले हो, इंग्रजीने मात्र दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा ते म्हणाले, "बाई, आता जूनपुढे मला थांबता येणार नाही."

अडायचं कुठे, तर त्या चिमुकल्या शब्दांवर. इन, ऑन, ॲट, टू, ऑफ. आपलं कसं, शब्दाला मागून शेपूट लावलं की झालं. तिथे शेपूट आधीच पुढे येऊन बसतं, आणि कुठलं बसेल त्याचा नेम नाही. कुत्र्याला घाबरायचं तर 'ऑफ', डॉक्टरशी लग्न करायचं तर 'टू'. का, ते पुस्तकात नव्हतं आणि विचारायला माणूस नव्हतं.

मग म्हटलं, पाठच करू. पण वेळ कुठला? सकाळी भात कांडायचं असे. सासूबाईंना गिरणीचा तांदूळ चालत नसे. उखळ एक, मुसळं दोन. माझं मुसळ वर गेलं की त्यांचं खाली. त्या तालावर मी वाक्यं म्हणू लागले, आणि ताल मोडू नये म्हणून मधला बारका शब्द त्यांना देऊन टाकला. मी म्हणायचे, "शी इज मॅरीड," त्या मुसळ आपटून म्हणायच्या, "टू!" मग मी, "अ डॉक्टर." त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कधी चुकल्या नाहीत.

शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गो, सासू-सून मडमी झाल्या काय?"

"तू तुजा नवरा सांभाळ," सासूबाई म्हणायच्या. "आमाला परीक्षा हाय."

परीक्षेला त्या माझ्याबरोबर पनवेलला आल्या. शाळेच्या आवारात चिंचेखाली भाकरीचं फडकं घेऊन बसल्या.

पेपरात गाळलेल्या जागा होत्या. दहा वाक्यं, सगळी ओळखीची. शी इज मॅरीड, आणि पुढे रेघ. मी मनात म्हटलं आणि थांबले. दुसऱ्या मुसळाची वाट बघत. इतके महिने मी नेमकी जिथे गप्प बसत होते, तिथेच रेघ मारलेली! बाकाखाली हात वरखाली करून पाहिला, तर पर्यवेक्षक जवळ येऊन उभे राहिले. "बाई, हात वर ठेवा." काय सांगणार, भात कांडतेय म्हणून? खिडकीतून सासूबाई दिसत होत्या, पदराने वारा घेत. माझी सगळी उत्तरं तिथे चिंचेखाली बसली होती. घंटा व्हायला आली तशी मी दहाही रेघांवर 'इन' लिहिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "जमलं गो?"

मी नुसतं म्हटलं, "शी इज मॅरीड..."

"टू!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पोरं वळून बघायला लागली. माझा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "मंग ह्येच लिवायचं व्हतं ना?"

मी मान डोलावली. त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, आणि न खाताच परत बांधलं.

इंग्रजीने तिसऱ्यांदा पाडलं, आणि जूनमध्ये शाळेत दुसरी बाई आली. आम्ही सकाळी कांडतच होतो. फक्त मी आता वाक्यं म्हणत नसे; तरी माझ्या मुसळामागून कधीतरी त्या सवयीने पुटपुटायच्या, "ऑफ," आणि मग माझ्याकडे बघून ओठ मिटायच्या.