अनुरेखक म्हणजे काय?

जुन्या अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा, शेवटचा पेपर देऊन घरी आले, तर माझे वडील, आबा, दारातच बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते माधवनगरच्या एका कापडगिरणीत फाटकावर पहारेकरी होते. त्या दिवशी सकाळपाळी उरकून ते माझीच वाट बघत बसलेले.

आमचं गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या कडेला. मोठ्या दुष्काळात मेंढरं विकावी लागली आणि वर्षभरात आम्ही तिघं गिरणीमागच्या चाळीत राहायला आलो. मी एकुलती एक. आमच्या घरात माझ्याआधी अकरावीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. त्यामुळे अकरावीनंतर काय करतात, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

"आता पुढं काय हुयाचं म्हणतीस?" आबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"काय काय हुता येतं ते तरी ठावं हाय का?"

मी बोटं मोजली. मास्तरीण. नर्स. शिवणाच्या वर्गाच्या बाई. तिसऱ्या बोटाला गाडी अडली.

"आनि?"

"आणि काही नाही."

आबा म्हणाले, "रेकी केल्याबिगर पलटण हलत न्हाई पोरी. आदी मुलूख बघायचा, मग पाऊल टाकायचं."

रेकी म्हणजे काय ते मला लहानपणापासून पाठ होतं. आबांच्या प्रत्येक गोष्टीत दोन माणसं आधी डोंगरापलीकडं जाऊन बघून यायची. आता ती दोन माणसं म्हणजे आम्ही, आणि मुलूख म्हणजे सांगली-मिरज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली. पट्टी घेऊन तीन रकाने आखले: काम, शिक्षण, किती वर्षं. मी म्हटलं, अजून एक रकाना हवा, काम आवडतं का.

"असलं कुनी कुनाला इचारतं व्हय? शिक्षण इचारावं. किती वर्सं लागत्यात ते इचारावं. आवड काय इचारायची?"

"तुम्ही नका विचारू. मी विचारीन."

त्यांनी कुरकुरत चौथी रेघ मारली.

निकाल लागायला अडीच महिने होते. रोज साडेतीनला आबांची पाळी सुटायची. चहा पिऊन ते सायकल काढायचे, मी मागं कॅरिअरवर वही मांडीत धरून. पहिल्या दिवशी आम्ही तारऑफिसात गेलो, कारण आबा फौजेत सिग्नलमध्ये, तारा-संदेशांच्या पलटणीत होते आणि तिथं बोलायला त्यांना सोपं जाणार होतं. पण तारमास्तर कामात. मान वर करीनात. आबांनी काउंटरच्या लाकडावर बोटानं टकटक केलं, छोटं-मोठं, छोटं-मोठं. मास्तरांनी चमकून बघितलं आणि पेन्सिलीनं टेबलावर उलट टकटक केलं. दोघं हसायला लागले. मला काहीच कळलं नाही. नंतर आबा म्हणाले, "चहा मिळंल का, असं इचारलं. त्यो म्हनला, साखर संपलीया."

मास्तरांनी शिक्षण सांगितलं, वर्षं सांगितली. मग मी भीतभीत माझा प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा काढला. "आवडतं ना. पण एक आहे बाळ. वाईट तार आली की ती मी लिहून घेतो. म्हणजे त्या घराच्या आधी मला कळतं. मग शिपाई सायकलवर टांग टाकून जातो आणि तो पोचेपर्यंत माझं मन तिकडंच असतं."

बाहेर आल्यावर आबा सायकलपाशी जरा थांबले. "तुजा परश्न वाईट न्हाई," एवढंच म्हणाले. पुढं कुठंही गेलो तरी तीन प्रश्न संपले की ते माझ्याकडं बघून मान हलवायचे, हं, आता तुझा.

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा पांढऱ्या कडक साडीतल्या सिस्टरनी आम्हाला बाकावर बसवलं. तीन वर्षं शिकावं लागतं, राहायची सोय तिथंच होते, हे सांगितलं. "आवडतं का म्हणतेस? बरा झालेला माणूस फाटकातून चालत जाताना बघितला की फार आवडतं. तुला रक्ताची भीती वाटते का?"

"वाटते."

"मलाही वाटायची. दोन महिन्यांत गेली."

पण त्या लांबलचक व्हरांड्यात फिनेलचा असा वास होता की मी भिंतीला धरून उभी राहिले. आबांनी मला हाताला धरून बाहेर आणलं आणि फाटकापाशी लिंबू-सोडा पाजला. वहीत नर्सच्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीनं काट मारली. "शाईनं न्हाई मारत," म्हणाले, "तुजं मन बदललं तर पुसता यील."

असे आम्ही पुष्कळ हिंडलो. कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे एक गृहस्थ भेटले. औषधं कालवणारे कंपाउंडर भेटले. रेडिओ दुरुस्त करणारा एक जण भेटला, तो म्हणाला, मी काहीच शिकलो नाही, आधी बापाचा रेडिओ मोडला आणि मग मार चुकवायला जोडला. आबांनी शिक्षणाच्या रकान्यात 'मार' असं लिहिलं. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणायची, "वाचून दावा आजचं," आणि मी वाचून दाखवायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण कोण काय म्हणालं ते ती कधी विसरायची नाही.

महिना उलटल्यावर आम्ही नोकरीसाठी नावं नोंदवतात त्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनांनी मुलींसाठी म्हणून जी यादी सांगितली, तिच्यात शिक्षिका होती, परिचारिका होती, टंकलेखिका होती.

"एवढीच?" आबा म्हणाले.

"एवढीच म्हणजे? अजून काय पाहिजे?"

आबा भिंतीवरच्या फळ्याकडं गेले आणि तिथं टाचलेले कागद एकेक करून वाचायला लागले. वाचताना त्यांचे ओठ हलायचे. एका कागदापाशी ते अडकले. "हे काय गं? अ-नु-रे-ख-क."

मलाही माहीत नव्हतं. परत टेबलाकडं गेलो. आबांनी टोपी काढून विचारलं, "साहेब, अनुरेखक म्हंजे काय?"

"ट्रेसर हो. नकाशे गिरवणारा. पाटबंधारे खात्यात असतात."

"गिरवायचं?" आबा माझ्याकडं वळले. "गिरवायचा पगार देत्यात?"

कचेरीतले सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी आमची सायकल पाटबंधाऱ्याच्या ऑफिसकडं वळली.

तिथं एका लांब खोलीत उतरती टेबलं मांडलेली होती आणि खिडकीतून भरपूर उजेड येत होता. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मूळ नकाशे काढणारे मुख्य आरेखक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, सदऱ्याच्या बाहीवर शाईचे ठिपके असलेले. आबांनी सरळच सांगितलं, "पोरीला घेऊन माहिती काढत फिरतोय." त्यांना याचं नवल वाटलं असावं. त्यांनी आम्हाला स्टुलं दिली आणि एक मोठा कागद उलगडला.

"हा तुमचा जत तालुका."

मी वाकून बघितलं. आमचं गाव शोधायला मला वेळ लागला. मग सापडलं, एक बारीक ठिपका, शेजारी आमच्या ओढ्याची रेघ. ओढ्याचं ते वळणसुद्धा होतं जिथं आम्ही मेंढरं पाण्यावर न्यायचो. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं बाभळी आहेत." ते म्हणाले, "बाभळी नकाशात घेत नाहीत. पण वळण बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

तो नकाशा त्यांनीच काढला होता, आणि आमच्या गावी ते कधी गेलेच नव्हते. मोजणीवाल्यांनी मापं आणली आणि यांनी इथं बसून ओढा काढला. हे मला एवढं थोर वाटलं की मी त्या ओढ्यावरून बोट फिरवतच राहिले.

त्यांनी निळसर चमकदार ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा खालच्या नकाशावर टाचला, रेघ मारायच्या लेखणीत थेंबभर काळी शाई घातली आणि ती माझ्या हातात दिली. "मार एक रेघ. श्वास रोखू नकोस, सावकाश सोड."

मी अर्धी रेघ बरी मारली. मग लेखणी तिरकी झाली आणि भदकन डाग पडला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आबा उभे राहिले. "माफ करा साहेब, कापड खराब झालं."

"कापड असं खराब होत नाही," ते म्हणाले. त्यांनी दाढीचं पातं घेतलं आणि शाई वाळल्यावर डाग हलक्या हातानं खरवडून काढला, वर रबर फिरवलं. डाग होता तिथं नुसती फिकट खूण उरली. "मी पहिल्या वर्षी रेघांपेक्षा डागच जास्त काढले. ये, परत मार."

दुसरी रेघ सरळ आली.

शिक्षण त्यांनी नीट सांगितलं. अकरावीला गणित हवं. मग आयटीआयमध्ये आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या तर आणखी बरं. माझ्या प्रश्नाला म्हणाले, "आवडतं म्हणून तर डोळे गेले तरी बसलोय." आबांनी चौथ्या रकान्यात ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

रात्रीच्या भाकरीला बसलो तेव्हा आईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "काम सावलीत हाय?"

"हाय," आबा म्हणाले.

"बसून करायचं हाय?"

"व्हय."

"मग करू द्या तिला." दुष्काळात दीड वर्ष आईनं रस्त्याच्या कामावर उन्हात खडी फोडली होती. तिच्या तळहातांवर अजून घट्टे होते.

निकाल लागला, गणितात चांगले गुण पडले. आम्ही आयटीआयचा अर्ज आणायला गेलो. खिडकीतले कारकून म्हणाले, "आरेखकाला? मुलीचा अर्ज? असं कधी झालं नाही."

"मनाई हाय का?" आबांनी विचारलं.

"मनाई... थांबा." त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पुढून मागं चाळलं, मागून पुढं चाळलं. आबा सावधानमध्ये उभे. शेवटी कारकुनांनी पुस्तक मिटलं. "मनाई लिहिलेली नाही."

"मग द्या की अर्ज. फौजेत बी असंच असतंय. मनाईचा हुकूम न्हाई तवर मानूस मोकळा."

त्याच आठवड्यात गावाकडून मामा आला. त्यानं एक स्थळ आणलं होतं, माणसं चांगली, जमीनही होती. अर्ज भरलाय म्हटल्यावर तो आबांना म्हणाला, "दाजी, नकाशं काढून पोरीचं काय व्हनार हाय? दोन वर्सांनी असलं स्थळ मिळंल का?"

आबा बोलायच्या आत आई बोलली. "मिळंल न्हाईतर न्हाई मिळंल. तवर तिला शिकू दे. तू जेव आदी."

मामा जेवला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आपला वडा बी हाय व्हय गं नकाशात?" मी त्याला कागदावर गाव आणि ओढ्याचं वळण काढून दाखवलं. तो कागद त्यानं घडी घालून खिशात घातला आणि स्थळाचं पुन्हा कधी काढलं नाही.

आयटीआयच्या वर्गात मी एकटी मुलगी. पहिले काही दिवस माझ्या शेजारच्या टेबलावर कुणी बसेना. मग एका चाचणीत नकाशावरचं माझं अक्षर सगळ्यांत एकसारखं आलं आणि मुलं आपापले नकाशे घेऊन, "एवढं नाव घालून दे ना," म्हणत यायला लागली. मी नावं घालून द्यायची, ते मला सिमेंट-काँक्रीटच्या भागातलं न कळलेलं समजावून सांगायचे. दोन वर्षं अशी सुखात गेली की आता त्यातले वेगळे दिवस आठवत नाहीत.

इकडं चाळीत आबांची वही गाजली होती. गिरणीतले लोक रविवारी पोरांना घेऊन यायचे. "हवालदार, रेल्वेत गार्ड व्हायला काय लागतंय?" वहीत नसलं तर आबा म्हणायचे, "पुढल्या रविवारी ये, काढून ठेवतो," आणि सायकल काढायचे.

मला अनुरेखक म्हणून नेमणूक मिळाली ती साताऱ्याच्या पाटबंधारे ऑफिसात. आबा मला सोडायला आले, खोली बघितली, खिडकीची कडी ओढून बघितली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. ऑफिसात हिशेब विभागातल्या एक बाई होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत माझ्या पोळीवर वाढलं. नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीत अमोनियानं डोळे चुरचुरायचे, पण त्याचीही सवय झाली.

पहिल्या वर्षात मी माण तालुक्यातल्या एका पाझर तलावाचा नकाशा गिरवला. तलावाचं काम निम्मं झाल्यावर आमचे इंजिनियर साहेब जागेवर जायला निघाले. जीपमध्ये एक जागा होती, म्हणून मलाही बरोबर घेतलं. दहिवडीच्या पुढं रस्त्यात मेंढरं आडवी आली आणि आम्ही कळप जाईपर्यंत थांबलो. मग माळ चढून पलीकडं गेलो, तर समोर मातीचा बांध उभा. माझ्या टेबलावर तो हातभर होता. इथं त्याच्या माथ्यावरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी गेल्या असत्या. बायका डोक्यावर पाट्या घेऊन चढत होत्या. बांध जिकडं वळायला हवा होता तिकडंच वळला होता.

दुपारी मुकादमाच्या बायकोनं मला भाकरी आणि ठेचा दिला. तिच्याशेजारी दगडावर बसून मी जेवले. "तुमी साहेबांच्या कोन?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. नकाशा मी गिरवलाय."

"ह्यो?" तिनं बांधाकडं हात केला.

"ह्योच."

तिनं एकदा बांधाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि आणखी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. तेवढ्यात साहेबांनी खालून हाक मारली, आतल्या बाजूचा उतार जरा जास्त वाटतोय, बघा. मी हात पुसले, नकाशा दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि मापं वाचून बांधाशी ताडली. उतार बरोबर होता.