पांढऱ्या मातीची खदान

भूत-प्रेत या विषयावर माझ्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. माहेरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि अमरावतीत मी स्वतः पॅथॉलॉजी लॅब चालवते. मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

रूपाली माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. अकोल्यात कॉलेजात भूगोल शिकवते. मागच्या उन्हाळ्यात तिला मातीची भांडी करायचं वेड लागलं होतं आणि त्यासाठी चांगली पांढरी माती हवी होती. परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी अशा मातीची एक बंद पडलेली खदान आहे, असं तिला कोणीतरी सांगितलं. रविवारी तिच्या कारने आम्ही दोघीच गेलो.

टेकडीच्या पोटात आडवं खणलेलं भुयार होतं. माणूस जेमतेम उभा राहील एवढंच उंच. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन, आत मात्र अंगावर काटा येईल असा गारवा. दोघींकडे टॉर्च होते. रूपाली पुढे, मी मागे.

"लय आत नोको जाऊ," मी म्हणाले.

"थोडंसंच. तोंडाजवळची माती खराब आहे वं."

पुढे भुयार वळलं. वळणावर ती क्षणभर दिसेनाशी झाली, मग पुन्हा तिचा पिवळा कुर्ता आणि पाठीवरची सॅक दिसली. मी आपली लॅबमधल्या कटकटी सांगत चालले होते. ती नुसतं "हं... हं..." करत होती. माती घ्यायला मात्र कुठेच थांबत नव्हती.

"रूपे, बस झालं न आता. चाल वापस."

"ये न," ती म्हणाली. वळून न बघता. आवाज तिचाच – त्यात मला आजही शंका नाही.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून, खूप लांबून, रूपाली ओरडली.

"सुजे! सुजाता! कुठी गेली वं?"

ती रडत होती.

मी थिजले. समोरचा उजेड नाहीसा झाला. टॉर्च पुढे धरला तर तिथे कोणीच नव्हतं. माझ्या बुटापुढे जमीन संपली होती आणि खाली काळं पाणी होतं. एक तरंगही नाही. पुढचं पाऊल मी उचललेलं होतं...

भिंत चाचपत बाहेर कशी आले, आठवत नाही. रूपाली भुयाराच्या तोंडाशी उभी होती. मला पाहून ती जवळ आली नाही. मागे सरकली.

"तू आतून कशी आली?"

"मंग कुठून येऊ?"

"अवं, तू तं माह्यासंगच बाहेर आली होती न! हात धरून आणलं तू मले. मी पाणी प्याली, वयून पाह्यलं तं तू नाही..."



नंतर ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. अशा कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, म्हणाले. मी ते पटवून घेतलं. पण मला आत नेणारा आणि तिला बाहेर आणणारा भास – एकाच वेळी, दोघींना?

रूपाली आता अमरावतीला येत नाही. फोन करते, पण आधी हॉस्टेलमधलं काहीतरी विचारते, आम्हा दोघींनाच माहीत असलेलं. मी उत्तर दिलं की मगच पुढे बोलते. मी चिडत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

परवा तिनं इतके महिने न सांगितलेलं एक सांगितलं. वळणावर मी तिचा हात धरला – म्हणजे जी कोण होती तिनं – तेव्हा रूपाली म्हणाली होती, माती घ्यायची आहे अजून. त्यावर उत्तर आलं, "चाल तू. तिले राहू दे."

"मी तवा विचारलंच नाही वं, कोणाले म्हणून," रूपाली म्हणाली. "आपण दोघीच तं होतो."

मग तिनं विचारलं, "दोघीच होतो न?"

मी हो म्हणाले. याहून जास्त मला आजही काही सांगता येत नाही.