खरबरीत ओटा

तो गवंडी आमच्याकडं एकदाच आला. सेलूतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराचं अंगण करायचं होतं, पण आमची दोन दांडगी कुत्री बघून तीन गवंडी फाटकातूनच परत गेले होते. हा मात्र फाटकाबाहेर उकिडवा बसला आणि जाळीतून दोघांनाही आपला हात हुंगू दिला. आत आल्यावर त्याला दिसलं, चकचकीत ओट्यावरून उठताना त्या दोघांतला म्हातारा कुत्रा दोनदा घसरला.

"अंगण मागून. आधी ओटा छिन्नीनं टाचून देतो," तो म्हणाला.

"अहो, नवी फरशी आहे. खराब दिसेल."

"तुमाला नुसतं बघायचंय मालक, त्याला उठायचं हाय."

दुपारभर बसून त्यानं सगळा ओटा खरबरीत केला. मला वाईटच वाटलं. संध्याकाळी कुत्र्याला उठवायला मी सवयीनं वाकलो, तोवर तो आपला आपण उठून अंगणात गेला होता.