भागवत आण्णाने मागितलेला रस्ता

भागवत आण्णाच्या दहाव्याला मी आमदारसाहेबांच्या कानात सांगितलं, "रस्ता झालाय." रस्ता झालेला नव्हता. साहेबांनी ते माझ्या भरवशावर माईकवरून साऱ्या गावाला ऐकवलं आणि गाव साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागलं. आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला आहे. त्यातला बराचसा मी स्वतःच चारचौघांत रंगवून सांगतो आणि वर चहा उकळतो. पण हा एक काही रंगवता येत नाही. आण्णाला जाऊन महिना उलटून गेला… तरी सांगून बघतो.

आधी माझं पद सांगायला हवं, कारण ते सरकारदरबारी कुठे नोंदलेलं नाही. आमदारसाहेब सोमवारी तालुक्याच्या गावी, संपर्क कार्यालयात लोकांना भेटतात. त्याला आम्ही दरबार म्हणतो. साहेब खुर्चीत बसतात आणि मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहतो. समोर माणूस आला की साहेब मान किंचित मागे घेतात, मी वाकून कानात सांगतो : अमक्या गावचा, तमक्याचा पुतण्या, पोरगी बारावीला पहिली आली. लगेच साहेब दोन्ही हात पसरतात, "या या, पोरीनं नाव काढलं की हो!" माणूस जागच्या जागी विरघळतो आणि बाहेर जाऊन सांगतो, सायबाला माझं समदं ठावं हाय. ठाऊक मला असतं. निदान असा माझा समज होता. एकदा गर्दीत गडबडलो आणि भलत्याच माणसाला "आई वारली" असं सांगून बसलो. साहेबांनी त्याला छातीशी धरलं, डोळे पुसले, "माउलीची जागा कुणी घेऊ शकत नाही" म्हणाले. त्याच्या शेजारीच उभी असलेली म्हातारी म्हणाली, "आरं, ह्यो कुनाला रडतोय?" सगळा दरबार हसून लोळला. सगळ्यात मोठ्याने हसला तो मागे भिंतीला टेकून उभा असलेला भागवत आण्णा.

आण्णा आणि मी एका वर्गातले. त्याला सगळे आण्णा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो, पण होता तो माझ्याच वयाचा, आणि मास्तरांच्या छड्या आम्ही वाटून खाल्लेल्या. पुढे मी नगरला नोकरीला चिकटलो, केडगावात घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर घरात कुणी विचारत नाही म्हणून साहेबांच्या मागे उभा राहायला लागलो. आण्णा आमच्या गावच्या ओढ्यापलीकडल्या वस्तीवरच राहिला. दिवाळी झाली की कोयता घेऊन बायकोसह कोपरगावकडे ऊस तोडायला जायचा, उन्हाळ्यात परत यायचा, पावसावर बाजरी करायचा. वस्तीचं सगळं पलीकडल्या काठाला, पण स्मशान ओढ्याच्या अलीकडल्या काठाला, गावाच्या अंगाला. मधे काळी चिकट माती आणि ओढा. त्याची आई ऐन पावसाळ्यात गेली. तिरडी ओढ्यातून नेताना एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, म्हातारी पाण्यात पडली. चार बाप्ये पाण्यात उतरून तिला धरायला धावले. आण्णा म्हणायचा, "जिती असताना आय कधी कुनाच्या हाताला लागली न्हाई, आन् मेल्यावर तिला गाळातनं वडून काढली." त्या दिवसापासून त्याचं एकच मागणं होतं. ओढ्यावर फरशी पूल आणि स्मशानापर्यंत मुरूम टाकलेला रस्ता. आपल्याला तरी तसं नेऊ नये, एवढंच.

तोडीवर नसला की तो सोमवारी हजर. मी म्हणायचो, अर्ज दे. तो म्हणायचा, "अर्जावर कुनाचा पाय घसरलाय का? तोंडानं सांगतो, ऐक." आता आमच्या दरबाराची रीत अशी की ज्या कामाचा फोटो चांगला येतो, ते काम लवकर होतं. भजनी मंडळाला पखवाज मिळाला, कारण पखवाज गळ्यात अडकवून साहेब छान दिसले. तरुण मंडळाला व्यायामाचं साहित्य मिळालं, साहेबांनी डंबेल उचललं, तेही छान दिसलं. बचत गटाच्या बायकांनी ओवाळलं, त्यांना सभागृह मिळालं. स्मशानाच्या रस्त्यावर फीत कापायची हौस कुणाला असणार? मग मी आण्णाला हसण्यावारी न्यायचो. एकदा भरल्या दरबारात, साहेब खुशीत आहेत असं बघून, मी मोठ्याने म्हणालो, "आण्णा, स्मशानात जायची तुला एवढी काय रे घाई?" साहेब हसले म्हणून सगळे हसले. आण्णाही हसला. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "मला घाई न्हाई रं नामदेवा. पन मेलेल्या मानसाला 'पुढच्या सोमवारी ये' म्हनता येत न्हाई."

साहेबांनी मान मागे घेतली, मी कानात काहीतरी पुटपुटलो, आणि पुढचं लग्नाचं आमंत्रण पुढे आलं…

मग निवडणूक आली आणि रस्त्यालाही दिवस आले. डांबरी सडकेला जिथून वस्तीची वाट फुटते तिथे मंडप पडला, साहेबांनी कुदळ मारली, आण्णाच्या हातून नारळ फोडला. माईक माझ्या हातात होता आणि मला माईक दिला की माझं डोकं जागेवर राहत नाही. मी आण्णाला या रस्त्याचा शिल्पकार म्हणालो, भगीरथ म्हणालो, आणखी काय काय म्हणालो. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, डोक्याला फेटा, आणि चेहरा असा की पाहुण्याच्या लग्नात चुकून नवरदेवाच्या पाटावर बसवलंय. गर्दी पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, "खडी कवा पडनार?"

"पडेल रे! साहेबांचा हात लागलाय आता."

"हात लागला ते बघितलं मी. खडी इचारतोय."

खडी पडली. म्हणजे दोन टेम्पो मुरूम पडला, साहेबांचा फोटो असलेल्या फलकापासून त्यांची गाडी वळवायला जागा होईल इथवर. मी तो पडताना पाहिला आणि समाधानाने नगरची गाडी धरली. निवडणूक झाली, साहेब पुन्हा निवडून आले. आण्णा दरबारात यायचा थांबला. इथे आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो, तो मला कुणी शिकवला नाही, माझा मीच काढला : सोमवारी येणारा माणूस यायचा थांबला की त्याचं काम झालं असं धरायचं. आजवर हा नियम मी शेकडो माणसांना लावला. साहेबांनी विचारलं, "ते स्मशानवाले येत नाहीत हल्ली?" मी कानात म्हणालो, "झालं साहेब त्यांचं."

मधे एकदा एसटी स्टँडसमोर आण्णा भेटला. दोन पावलं चालला की थांबत होता. मी म्हणालो, "काय, दरबार सोडला का?"

"दम लागतो."

"अन् आता तुझं काम तरी काय राहिलंय म्हणा!"

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "व्हय. आता काय ऱ्हायलंय." मला तो तृप्त वाटला. खरंच सांगतो, तृप्त वाटला. घरी चहाला चल म्हणाला. मला नगरला परतायचं होतं. "येतो एकदा," म्हणालो.

बातमी कळली तेव्हा मी शिर्डीच्या विमानतळावर होतो, एका हातात शाल, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ. मुंबईहून मंत्री उतरायचे होते आणि साहेबांना त्यांच्या नजरेत भरायचं होतं. फोन वस्तीवरून होता. आण्णाचा चुलता रामभाऊ. म्हणाला, "भागवत गेला. तू येतूयास का? लई पाऊस हाय, जास्त थांबता यायचं न्हाई." मी म्हणालो, "मंत्री उतरले की निघतोच." मंत्री उशिरा उतरले. मग दर्शन झालं, मग सत्कार झाले, सत्काराला उत्तर झालं. मी शाल साहेबांच्या हातात दिली, ती साहेबांनी मंत्र्यांच्या खांद्यावर घातली, फोटो झाला. कुणाच्याच ध्यानात राहणार नाही अशा त्या फोटोत माझा अर्धा कान आला आहे. त्या दिवशी मी गावी गेलो नाही. मनाला म्हणालो, आता रस्ता आहे, नेलं असेल नीट.

आमच्या भागात दहावा म्हणजे अर्धी सभाच असते. प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. गेलेल्या माणसाला जिवंतपणी कुणी विचारलं नसेल तर त्या दिवशी सव्याज विचारतात. साहेब लग्न चुकवतील, दहावा चुकवत नाहीत. आण्णाचा दहावा गावातल्या देवळामागे, नदीच्या काठाला होता, तिथवर डांबरी सडक आहे. येताना वाटेत आमचा फलक लागला, साहेबांनी गाडीतून स्वतःचा फोटो समाधानाने पाहिला. पिंड ठेवलेले होते. कावळे बाभळीवर बसून होते आणि एकही खाली येत नव्हता. वाट बघायची म्हणून भाषणं सुरू झाली. साहेबांनी मान मागे घेतली. मी वाकून सांगितलं, "भागवत आण्णा. साधा माणूस. स्मशानाचा रस्ता मागायचा. रस्ता झालाय."

साहेब बोलायला उठले की बाभळीचीसुद्धा पानं हलतात, असा त्यांचा आवाज. "आण्णांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. मागितला फक्त एक रस्ता. आणि मला समाधान आहे, आज मी त्यांच्या आत्म्याला सांगू शकतो, की आण्णा, तुमचा रस्ता आम्ही पूर्ण केला! ज्या रस्त्यासाठी तुम्ही झटलात, त्याच रस्त्याने तुमची अंतिम यात्रा…"

पुढचं वाक्य मी ऐकलं नाही. समोरची माणसं कुजबुजायची थांबली होती. रामभाऊ म्हातारा काठी टेकत उठला. हातात माईक नव्हता, त्याची गरजही नव्हती. "साहेब, कावळ्याला बी फसवायचं का काय? भागवताला कुठनं नेला म्हनता? वढ्याला पूर हुता. त्याला आमी त्याच्याच वावरात जाळला. भिजलेली लाकडं धरंनात, तर घराच्या छपराचे वासे काढले."

साहेबांनी मान मागे घेतली. सवयीने. मी वाकलो, तेही सवयीने, आणि कानात सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. मग साहेबांनी हात जोडले, बाभळीकडे बघत म्हणाले, "या वर्षात रस्ता करून देतो, हा माझा शब्द आहे." सगळ्यांनी बाभळीकडे पाहिलं. एक कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला. बाकीच्यांपैकी एकही खाली उतरला नाही. शेवटी आण्णाची बायको, कौसल्यावहिनी, बायकांमधून उठली आणि भटजींना म्हणाली, "दर्भाचा कावळा करा अन् पिंडाला शिववा. सायबांची गाडी खोळंबली आसंल." परतीच्या वाटेवर फलक मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "नामदेवराव, पुढच्या सोमवारी तुम्ही बसून घ्या बाहेर."

मी बसून आहे. म्हणून परवा, पहिल्यांदाच, आण्णाच्या वस्तीवर गेलो. ज्या चहाला "येतो एकदा" म्हणालो होतो, त्या चहाला. फलकापर्यंत रिक्षाने गेलो. मुरूम संपला तिथे माझी एक चप्पल चिखलात राहिली, ती हाताने उपसून काढली, मग दोन्ही हातात घेऊन चालत राहिलो. ओढ्यात गुडघ्याएवढं पाणी होतं. मधोमध माझा पाय घसरला आणि मी पाण्यात बसलो. वस्तीवरच्या बायका बघत होत्या. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाटलं.

घराच्या अर्ध्या छपरावर प्लास्टिकचा कागद होता. आण्णा मागच्या भिंतीला टेकून बसत असणार, तिथे भिंतीचा रंग त्याच्या पाठीएवढा निघाला आहे. दरबारातही तो असाच टेकायचा. तिथली भिंत आम्ही निवडणुकीआधी रंगवून घेतली. वावरात बाजरी काढून झाली होती; मधला एक काळा तुकडा तेवढा तसाच होता, भोवतीने नांगरट करून सोडलेला. वस्तीवर कोयत्यांना धार लावणं चाललं होतं. दिवाळी झाली की गाड्या येतील. वहिनी यंदा एकटीच जाणार होती, दुसऱ्या कुणाच्या जोडीला. मी म्हणालो, यंदा नका जाऊ. ती म्हणाली, "मग काय, दरबारात येऊ?"

तिने चहा दिला. ओल्या धोतराने मी बसलो होतो, आणि मला जे येतं तेच बोललो. "वहिनी, साहेबांनी शब्द दिलाय. मी स्वतः मागे लागतो. तुमच्या वस्तीला पुन्हा असं…"

"ऱ्हाऊ द्या भाऊजी." तिने कप माझ्या हातातून काढून घेतला, अजून अर्धा होता. "आमचं आमी बघू. तुमचं केडगावात बरंय, रस्ता हाय, गाडी दारात येईल. खांद्याला कोन येतंय, तेवढं आत्तापासून बघून ठिवा."