आमच्या सर्व्हरचे आटे

पाइपाच्या धंद्यात किस्से फारसे होत नाहीत. पाइप गळतो नाहीतर गळत नाही, गिऱ्हाईक भांडतं नाहीतर पुन्हा येतं. संपलं. पण गोदामात सर्व्हर आल्यापासून आमच्याकडे इतकं साठलंय की चहाला बसलेले चौघे म्हणाले, शेठ, लिहून काढा, नाहीतर विसराल.

मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस नाही. पंचवटीतल्या दुकानात मी अजून पावतीपुस्तकच वापरतो. सर्व्हर आहे तो आडगावच्या गोदामात, जिथून व्यापाऱ्यांना माल जातो. तेव्हा काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

*

विकणारे साहेब टाय लावून आले होते. म्हणाले, “शेठ, पाच भाग आहेत. साठा, ऑर्डरी, मेल, रिपोर्ट, आणि सगळ्यांच्या खाली डेटाबेस. एकाच कंपनीचे, एकाच घरातले.”

एकाच कंपनीचे, एकाच इंचाचे पाइप आणि कपलर घ्यावेत आणि आटे जुळू नयेत, हे मी तीस वर्षं बघतोय. म्हणून विचारलं, “एकमेकांत बसतात ना?”

“शंभर टक्के!”

व्यवहार झाल्यावर त्यांनी चाळीस पानांचा तक्ता हातात दिला. कुठल्या भागाची कुठली आवृत्ती दुसऱ्याच्या कुठल्या आवृत्तीशी चालते, याचा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा तक्ता न कळवता बदलू शकतो.

*

तो तक्ता वाचलेली माणसं आमच्याकडे एक. सायली. नाशिक रोडहून स्कूटरवर येते, कॉम्प्युटरचं सगळं तीच बघते. त्यामुळे तिची सुट्टी मंजूर होते, पण मिळत नाही.

गोदाम बघतात ते बोडके. दिंडोरीकडचे, माझ्याकडे वीस वर्षं.

एकदा साठ्याचा भाग आपोआप नवा झाला आणि रिपोर्टचा जुनाच राहिला. सकाळी रिपोर्ट म्हणाला, गोदामात एकही पाइप नाही. मी तसाच गाडी काढून आडगावला पळालो. बोडके पाइपांच्या थप्पीवर बसून चहा पीत होते आणि सायली त्यांना समजावत होती, “काका, रिपोर्टला नवीन साठा वाचता येत नाही, म्हणून तो शून्य दाखवतोय.”

“वाचता येत नाय तर गप बसावं की,” बोडके म्हणाले. “इंग्रजी मला पण येत नाय. मी काय शून्य सांगत फिरतो का?”

*

कंपनीला फोन केला तर रिपोर्टवाले म्हणाले, हे साठावाल्यांकडे. साठावाले म्हणाले, डेटाबेसवाल्यांना विचारा. डेटाबेसवाले म्हणाले, आमचं व्यवस्थित आहे, रिपोर्ट तपासा. सायली तीन दिवस या तिघांत फिरत होती.

बोडके म्हणाले, “भावकी हाय ही. बांध कुणी कोरला ते कुणीच सांगणार नाय.”

भावकीची भांडणं मी बरीच मिटवलीत. तिघांनाही एकाच कॉलवर घ्यायला सायलीला सांगितलं, “नमस्कार” म्हणालो आणि गप्प बसलो. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग हळूहळू सुरू झाले. तासाभरात दोष सापडला. फोन ठेवताना रिपोर्टवाला डेटाबेसवाल्याला म्हणाला, “सर, तुमचा नंबर मिळेल का? आपण कधी बोललोच नाही.”

एकाच इमारतीत बसत होते दोघे.

*

पुढचा किस्सा माझ्यावरच आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद करून पूजेला मांडतात. वर्षभर राबतात, एक दिवस विश्रांती. वजनकाटा झाला, कटर झाला, मी म्हटलं, “सर्व्हरने काय पाप केलंय? तोही बंद करा.” बोडक्यांनी बटण दाबलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

आता मला काय माहीत, की हे भाग वर्षभर नव्या आवृत्त्या पोटात साठवून ठेवतात आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की एकदम अंगात आणतात! दसऱ्याला संध्याकाळी बोडक्यांनी नारळ फोडून सुरू केलं. तीन भाग नवे झाले, दोन जुने राहिले, एकाचं दुसऱ्याशी पटेना. बोडक्यांचा फोन आला तेव्हा सायली मला सोनं द्यायला म्हणून घरी आली होती. आपट्याची पानं हातात तशीच, आडगावला गेली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर कागद लागला. ठळक अक्षरात: बंद करू नये. सुरू करताना बिघडतो.

“शेठसाठी लावलाय का?” मी विचारलं.

“सगळ्यांसाठी,” ती म्हणाली. पण लावला होता माझ्या उंचीला.

*

तिच्या चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम तिने एकदा आम्हाला दाखवला. हळदीत सायली पाठमोरी. मंगलाष्टकांत पाठमोरी, कानाला फोन. पंगतीच्या फोटोत तर ती खांबामागे आहे, नुसता कोपर दिसतो. ते फोन आमचेच होते. मेलचा भाग आणि ऑर्डरींचा भाग त्या दिवशी भांडले होते.

बोडक्यांनी अल्बम सावकाश शेवटपर्यंत पाहिला आणि परत दिला.

*

मग सायलीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा मनमाडचा, रेल्वेत. सायलीने चार दिवस सुट्टी मागितली. तिच्या आईचा मला फोन आला. “भाऊ, यावेळी हिचा फोन मी माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवणार आहे. तुमचं यंत्र तुमच्यापाशी.”

सायली जाताना चारदा सांगून गेली, “काका, कशाला हात लावू नका.”

“नाय लावत. तुम्ही नाचा,” बोडके म्हणाले.

चार दिवस एक तक्रार नाही. माल वेळेवर जात होता. रोजचा साठ्याचा कागद मात्र बोडक्यांच्या अक्षरात यायचा. विचारलं तर म्हणाले, “प्रिंट निघत नाय, शेठ. बाकी मशीनचा काहीच त्रास नाय.”

लग्नाला मी मनमाडला गेलो. सायली प्रत्येक फोटोत समोर उभी होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “शेठ, खरं सांगा. किती बिघडलंय?”

“अगं, काही नाही. इतका शांत तो कधीच नव्हता.” तिच्या वडिलांनाही मी ऐकवलं, की पैसे गेले पण वस्तू शेवटी जुळली. जेवताना मुलाकडच्या दोघातिघांनाही सांगितलं.

सोमवारी ती लाडवांचा डबा घेऊन आडगावला आली. मीही होतो. सर्व्हरच्या खोलीत अंधार होता. पंखा वाजत नव्हता, एकही दिवा लागलेला नव्हता. वायर गुंडाळून वर ठेवली होती. शेजारी टेबलावर दोनशे पानी वही, चार दिवसांत आलेला आणि गेलेला एकेक पाइप, एकेक एल्बो तिच्यात लिहिलेला.

“काका, हे कधीपासून बंद आहे?”

“तुम्ही गेलात त्याच सकाळपासून. पडद्यावर पाटी आली, नवीन आवृत्ती तयार हाय, मशीन दहा मिनिटांत आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. खाली आकडे उलटे पळाया लागले. सात मिनिटं राहिली तवा मी वायर काढली.”

“पण मी कागद लावलाय ना!”

“वाचला की. दहा वेळा वाचला.” बोडक्यांनी कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “बिघडतं ते सुरू करताना. आता तुम्ही आलात, ताई. करा सुरू.”