बोंडल्यावरचं नाव

भांडी घासताना बोटांना अक्षरं लागतात. चिंच आणि राख लावून पितळेच्या कडेवरून हात फिरवला, की ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं आधी बोटांना कळतात, मग डोळ्यांना. या तपेलीवर मामांचं नाव, त्या परातीवर आत्याचं, कुठे लग्नाची तारीख, कुठे नुसतंच ‘सप्रेम भेट’ आणि पुढचं सगळं झिजून सपाट झालेलं. थंडीच्या दिवसांत पाण्यानं बोटं बधिर होतात, तरी ती बारीक खरखर तेवढी जाणवत राहते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुस्तकं हाती फारशी आली नाहीत, पण अक्षरओळख पुसली गेली नाही ती या भांड्यांमुळेच असावी. रोज सकाळी मोरीत बसून मी माझ्या गोतावळ्याची नावं वाचत आले, आणि ज्यांची नावं वाचली त्यांतली किती माणसं आता आहेत? भांडी मात्र मांडणीवर एकमेकांना टेकून उभी आहेत.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण पुढे घरातल्या कुणा लेकीसुनेच्या, तुझ्या हाती पडलंच, तर घाई न करता वाच. माझ्याजवळ मोरीच्या दगडावर बसल्यासारखी वाच.

त्या वेळी आम्ही जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. उन्हं उतरली की तलावावरचा वारा यायचा आणि त्या वाऱ्यातसुद्धा मला जळक्या कापसाचा वास यायचा, कारण तो यांच्या सदऱ्यात बसलेला असायचा. माझे यजमान एका सर्व्हेअर साहेबांच्या हाताखाली होते. विमा उतरवलेल्या मालाचं नुकसान झालं, की जाऊन ते बघायचं, मोजायचं आणि भरपाई किती योग्य ते लिहून द्यायचं, हे साहेबांचं काम. जिनिंगमध्ये कापूस पेटो, केळीचा ट्रक उलटो की जामनेरच्या एखाद्या गोदामात पाणी शिरो, हे साहेबांबरोबर जायचे, टेप धरायचे, जळलेलं आणि वाचलेलं वेगळं करायचे, घरी बसून अहवाल लिहायचे. खाली सही मात्र साहेबांची, कारण परवाना त्यांचा.

साहेब आता थकले होते, काम बंद करून मुलाकडे जाणार होते. तेवढ्या अवधीत यांना परीक्षा देऊन स्वतःचा परवाना मिळाला, तर तेच काम यांच्या सहीनं चालणार होतं. नाही मिळाला, तर पुन्हा कुणातरी नव्या साहेबांची टेप धरायची. लेखी परीक्षेत हे कधीच पास झाले होते. अडायचं ते धुळ्याला होणाऱ्या तोंडी परीक्षेत, आणि तेही दोनदा अडलं होतं. तिथे परीक्षक म्हणायचे, समजा मी दुकानदार आहे, माझं दुकान जळलंय, आता मला विचारा काय विचारायचं ते. हे विचारायचे, काय जळलं? किती जळलं? आणि मग गप्प. समोरच्याचं जळालेलं असताना आपण त्याला उलटसुलट काय विचारायचं, असं त्यांच्या मनात यायचं आणि जीभ टाळ्याला चिकटायची. मला नवल वाटायचं नाही. अबोल मी, अबोल हे. आमच्या घरात आवाज म्हणजे सासूबाईंचा.

सासूबाई दोंडाईच्याकडच्या. जळगावात इतकी वर्षं राहूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नाही, आणि दाराशी बाज टाकून पडल्या पडल्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचंही सोडलं नाही. त्यांनीच हा उपाय काढला. म्हणाल्या, त्या धुळ्याच्या साहेबापुढे तोंड उघडायचं, तर आधी बायकोपुढे उघड. तिला दुकानदार कर.

आणि मग रविवारी दुपारी जेवणं झाली, की हे पत्र्याच्या पेटीवर सर्व्हेअर होऊन बसायचे आणि मी समोर उभी राहायची, दुकान जळालेली. पहिल्या रविवारी मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून नुसती हसत राहिले. बाजेवरून सासूबाई म्हणाल्या, “हाऊ दुकानदार शे का नवी नवरी?” हेही हसले, आणि त्या दिवसाचा अभ्यास तिथेच संपला.

पण माणसाला दुसऱ्याचं सोंग घेतलं की केवढा धीर येतो! माझ्या स्वतःच्या तोंडून जे शब्द कधी निघाले नसते, ते कापडवाल्याच्या तोंडून निघायला लागले. मी कधी कापडवाली झाले, कधी ट्रकवाली, कधी जिनिंगची मालकीण. नसलेल्या गाठी असलेल्या म्हणून सांगितल्या, भिजलेल्या पोत्यांवर आणखी पाणी ओतलं, खोटं बोलताना कमरेवर हात ठेवले. आणि यांनी मान डोलवत सगळं मान्य केलं! सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. याला तर कोणीही लुटून नेईल, याच्यापेक्षा तो म्हातारा साहेबच बरा, असं बरंच काही बोलायच्या. आम्ही दोघं खाली मान घालून ऐकायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या डोळ्यांत बघून एवढं मी आधी कधी बोलले होते?

एकदा जिनिंगची मालकीण असताना मी म्हटलं, आग तर विझली आहे, आता काय बघायचं? तेव्हा हे खेळ विसरून समजावत बसले. रुईची गाठ दाबून बांधलेली असते. वरून पाणी मारलं की वरची आग विझते, गाठ थंड दिसते, पण आत ठिणगी राहिली तर ती धुमसत राहते. धूर नाही, ज्वाळा नाही. पुढे कधीतरी कुणी ती हलवली, वारा लागला, की पेटते. म्हणून गाठ फोडून बघावी लागते. हात भाजतात, पण फोडावी लागते. मी ते ऐकलं आणि चहा ठेवायला उठले. काही गोष्टी ऐकल्यावर उठून जावंसं का वाटतं, कोण जाणे.

परीक्षा जवळ आली तेव्हा हे म्हणाले, आज घरगुती सामान घेऊ. मांडणीवरची भांडी खाली आली. मोठं सोपं काम झालं, कारण प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. माणसांची वयं विसरतात, भांड्यांची नाही. हे एकेक उचलायचे, तारीख वाचायचे आणि घसारा काढायचे. वस्तू वापरून जुनी होते, म्हणून तिची किंमत कमी धरायची, त्याला घसारा म्हणतात. सासूबाईंच्या माहेरची घागर हाती आली आणि यांनी तिची किंमत जवळजवळ मोडीपर्यंत खाली आणली, तेव्हा बाजेवर मोठी खळबळ झाली. त्यांच्या आईनं दिलेली घागर, अजून एक थेंब गळत नाही, आणि जुनी म्हणून वाईट? यांनी पुस्तकातला नियम सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, “मंग मन्हा बी घसारा काढ, भाऊ.”

त्या हसण्यातच यांचा हात मांडणीवर मागे गेला आणि डब्यामागून फडक्यात गुंडाळलेलं बोंडलं निघालं.

बाळाला दूध पाजायचं, चोच असलेलं ते चांदीचं एवढंसं भांडं. माझ्या आईनं पहिल्या बाळंतपणासाठी जामनेरच्या बाजारातून आणलेलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाप मुलाचं तोंड बघायला येतो तो बारशाला. तोपर्यंत भांड्यावर नावही घालत नाहीत, कारण नाव बारशात ठरतं. माझी मुलगी बारशापर्यंत राहिली नाही. हे आले ते पाळण्यासाठी नाही, मला घेऊन जायला आले. एसटीत शेजारी बसून आम्ही घरी आलो आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, यांना नको असेल. यांना वाटलं, हिला नको असेल. पुढे मुलगा झाला, त्याला वाटी-चमच्यानंच दूध पाजलं. बोंडलं फडक्यात राहिलं. चांदीचं असंच असतं, ती न वापरताही काळी पडते.

यांनी ते हातात फिरवलं. तारीख नव्हती, नाव नव्हतं. ते ठेवून देतील असं मला वाटलं. पण पेटीवर बसून बसून त्यांनाही सोंगाचा धीर आला असावा. माझ्याकडे न बघता, त्याच सर्व्हेअरच्या आवाजात त्यांनी विचारलं, “हे कुणाचं?”

मी दुकानदाराच्या आवाजातच सांगितलं, “माझ्या मुलीचं.”

“नाव?”

“ठेवायचं राहिलं. मी वेणू म्हणायची.”

बाहेर कुणीतरी सायकल टेकवून गेलं. हे बराच वेळ टेप गुंडाळत राहिले, गुंडाळलेली असूनही. मग त्यांचा आवाज सर्व्हेअरचा राहिला नाही. म्हणाले, “कशी होती गं?”

किती साधा प्रश्न! मी तो कितीदा मनात ऐकला होता आणि कितीदा उत्तर तयार ठेवलं होतं, पण आता पदर तोंडाशी गेला. तेव्हा बाजेवरून आवाज आला, एरवीचा खणखणीत नाही, अगदी खालचा. “सांग व माय. बठ्ठं सांग.”

मी सगळं सांगितलं. केस पुष्कळ होते, कपाळावर येणारे. उजव्या कानाची पाळी जरा दुमडलेली, यांच्यासारखी. मूठ घट्ट, उघडायची नाही, पण अंगाई म्हटली की आपोआप सैल व्हायची. दूध ओढताना मधेच थांबून काहीतरी ऐकल्यासारखी बघायची. सांगत गेले तसं मलाच कळत गेलं की किती होतं माझ्याजवळ. मी इतकी वर्षं ती गेली एवढंच धरून बसले होते. ती होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. यांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला आणि तो तसाच तिथे ठेवला. त्या दिवशी भांडी दिवेलागणीपर्यंत जमिनीवर पसरलेली राहिली, आणि कधी नव्हे ते सासूबाई मला बोलल्या नाहीत.

परीक्षेला धुळ्याला मी बरोबर गेले, तेही सासूबाईंनी ढकललं म्हणून. एरंडोल, पारोळा मागे पडले, हे खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. तिथे एका कडुनिंबाखाली डबा मांडीवर घेऊन मी बसून राहिले. आत काय चाललं असेल? पुन्हा जीभ टाळ्याला चिकटली असेल? किती आया, किती बायका अशा झाडांखाली बसल्या असतील, आतल्या माणसाच्या वाटचा घाम पुसत!

हे बाहेर आले आणि सरळ एसटी स्टँडकडे चालू लागले. परतीच्या एसटीत पारोळ्याच्या पुढे गेल्यावर सांगितलं. परीक्षक म्हणाले, समजा माझं घर जळलं, विचारा. या वेळी हे, काय जळलं ते न विचारता, म्हणाले, “साहेब, घरात काय काय होतं ते आधी सांगा.” परीक्षक सांगायला लागले. कपाट, पंखा, शिवणाचं मशीन. ते कुणाचं, असं यांनी विचारलं. आईचं, म्हणाले. ती त्यावर काय शिवायची, कुठे ठेवलेलं असायचं, शेजारी काय होतं, अशी विचारपूस सुरू झाली, आणि खोटं सांगायला बसलेला माणूस आपलं खरं घर सांगत गेला. सांगता सांगता दोन वस्तू त्यांनी स्वतःच वगळल्या, म्हणाले, नाही, त्या तेव्हा नव्हत्या. शेजारी बसलेले दुसरे परीक्षक हसले. माणूस, जे होतं ते आठवायला लागला की नसलेलं त्याला घुसडता येत नाही, हे यांना कुठल्या पुस्तकात मिळालं असतं? सांगून झाल्यावर यांनी डबा उघडला आणि भूक लागल्याचं कबूल केलं.

परवाना आला. साहेबांनी जाताना आपली जुनी टेप यांना दिली. पहिला अहवाल यांच्या सहीनं गेला, त्याच आठवड्यात हे म्हणाले, चल, बाजारात जाऊ, आणि बोंडलं फडक्यासकट खिशात घातलं.

भांड्यांच्या गल्लीत नावं घालणारे एक म्हातारे बाबा बसायचे. आयुष्यभर छिन्नी-हातोडीचा आवाज ऐकून त्यांचे कान गेले होते. त्यांनी बोंडलं मांडीवरच्या लाकडात बसवलं आणि विचारलं, नाव काय घालू? मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वेणू. बाबांनी कानामागे हात धरला. बाजारात, परक्या माणसांत मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. पण मी पुन्हा म्हटलं, वेणू, आणि इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या दुकानातल्या बायकांनी वळून बघितलं. बाबांनी मान हलवली. टिक् टिक् टिक् करत नाव उमटायला लागलं.

ते बोंडलं पुन्हा फडक्यात गेलं नाही. दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी अंथरूण धरलं. मान उचलेना, पेल्यानं पाणी दिलं की गळ्यावर सांडायचं. मग मी बोंडल्याची चोच त्यांच्या ओठांशी धरायला लागले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाणी पिऊन झालं की त्या अंगठ्यानं ते ठिपके चाचपायच्या. बोलणं कमी होत गेलं, घरातल्या माणसांची नावंही मागे पडली, पण तहान लागली की आवाज यायचा, “वेणूनं बोंडलं दे व माय.” वेणूनं म्हणजे वेणूचं. सकाळी यायचा, दुपारी यायचा. ज्या घरात जे नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं, त्या घरात ते दिवसभर हाक मारल्यासारखं फिरत राहिलं, आणि मी प्रत्येक वेळी ओ दिल्यासारखी उठत राहिले.

आता त्याही नाहीत. बोंडल्यातून मी देवाच्या दिव्यात तेल घालते आणि सकाळी सगळ्यांत शेवटी ते घासायला घेते. बाकीची नावं बोटांखाली गुळगुळीत होत चालली आहेत. हे एकच अजून जरा टोचतं. तेही रोजच्या हातानं झिजेल. झिजू दे.