जावकचं टेबल

लडकू सोनावळे साजगावच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं शिपाई होता. उंच, हडकुळा माणूस. सायकलवर बसला की गुडघे हँडलला लागायचे. खालापूर तालुक्यातल्या एका गावच्या बौद्धवाडीत त्याचं घर होतं. वाडीनं दीक्षा घेतली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बापानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले आणि नदीत सोडून ये म्हणाला. लडकूनं सोडले, घरी आला आणि पोटभर जेवला. भूत, करणी, नजर, अंगात येणं यातलं काहीएक त्यानं पुन्हा मानलं नाही. ज्या चिंचेखालून लोक जायला कचरायचे, तिच्याखाली हा मुद्दाम सायकल थांबवून विडी ओढायचा. माणूस लाखातला होता, पण आपल्याला कशाची भीती वाटत नाही याची त्याला थोडी घमेंडही होती. ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कारखान्याचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. सहा कारकुनांची सहा टेबलं शाळेतल्या बाकांसारखी एकामागं एक, सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे. त्यांच्या पाठीमागे काचेची केबिन आणि काचेआड साहेब. साहेबांना सगळ्यांच्या पाठी दिसायच्या, साहेब मात्र कोणालाच दिसायचे नाहीत. कोणी हवं असलं की ते पेन्सिलीनं काचेवर दोनदा टकटक करत. आपल्याला की दुसऱ्याला, हे कळायला सहाही माना मागे वळायच्या. साहेब एकीकडे बोट दाखवायचे, उरलेल्या पाच माना परत खाली जायच्या. दिवसातून चाळीस वेळा तरी हे चालायचं. लडकू दाराशी स्टुलाजवळ उभा असल्यामुळे त्याला या माना वळताना दिसत. सुरुवातीला त्याला हसू यायचं, नंतर सवय झाली.

काचेच्या सगळ्यात जवळचं, कोपऱ्यातलं टेबल जावकचं. बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर घालायचे, रजिस्टरात चढवायचे, एवढंच काम. कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता आणि तो बंद होत नसे. भिंतीला हात लावला की हाताला बारीक थरथर जाणवायची. त्या टेबलाला एक खिडकी होती, तेवढीच काय ती चैन. पण खिडकीतून नदीकाठचं मसणवट दिसायचं.

या टेबलावर बसलेली दोन माणसं बिघडली. पहिला आपणहून नोकरी सोडून गेला आणि का सोडली ते कोणाला सांगेना. दुसरा विठू, चांगला पेटी वाजवणारा, गमत्या माणूस. दोन वर्षांत तो असा झाला की चहा देताना लडकूचा हात खांद्याला लागला तरी किंचाळायचा. एके दिवशी त्यानं सगळ्या पाकिटांवर एकच नंबर घातला आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. हेडक्लार्क सखारामभाऊंनी निदान केलं की मसणवटातलं काहीतरी खिडकीवाटे येतं. नारळ फुटला, लिंबं उतरली आणि खिडकी विटा लावून बंद झाली. झाली म्हणजे उरलासुरला उजेडही गेला. साहेब शिकलेले होते, पण स्टाफच्या मनाला बरं वाटतंय तर वाटू दे म्हणाले.

तेवढ्यात मुंबईच्या हापिसातून कागद आला. कर्मचाऱ्यांचं मन प्रसन्न राहिलं तर काम चांगलं होतं, तरी वातावरण सुधारावं. कल्पना वाईट नव्हती. ती अंमलात आणणारे मात्र आपले लोक होते. भिंतींना पोपटी रंग दिला, हिमालयाचं चित्र टांगलं आणि प्रत्येक टेबलाशेजारी क्रोटनची एकेक कुंडी ठेवली. टेबलं होती तशीच राहिली. कुंड्यांना पाणी घालायचं काम लडकूकडे आलं.

विठूच्या जागेवर बसायला कोणी तयार होईना. तेव्हा लडकू सखारामभाऊंसमोर जाऊन उभा राहिला.

"माजा भाचा हाय. मॅट्रिक झालाय कर्जतला. आमी भुताखेताला भीत नाय. द्या त्याला ते टेबल."

सखारामभाऊ म्हणाले, "बघ रं लडकू. नंतर आमाला बोल लावू नको."

"टेबलात काय नाय, भाऊ. लाकूड हाय नुसतं."

भाच्याचं नाव दामू. कशेळ्याजवळच्या वाडीत लडकूची धाकटी बहीण पुतळाबाई होती. नवरा लवकर गेला, दामू एकुलता एक. वाडीतला पहिला मॅट्रिक. खुर्चीवर बसून पंख्याखाली काम करणार म्हणून पुतळाबाईनं साऱ्या वाडीला गूळ वाटला. दामू मामाकडे राहायला आला आणि दोघं दोन सायकलींवरून कामावर जाऊ लागले. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की लडकू विचारलं नसताना सांगायचा, "हा आमच्या हापिसात कारकून हाय." पोरगा लाजून पुढे निघायचा.

सहा महिने बरे गेले. मग कोपऱ्यातलं क्रोटन पिवळं पडलं. लडकूनं कुंडी बदलली, तीही पंधरा दिवसांत माना टाकून बसली. कारकून एकमेकांकडे बघू लागले. लडकूला त्यांचं हसू आलं. अरे, उजेड नाही, झाड कसं जगेल? दर सोमवारी तो कोपऱ्यातली कुंडी दारापाशी आणू लागला आणि दारापाशी तरारलेली कोपऱ्यात ठेवू लागला. झाडाचं दुखणं त्यानं असं चटकन ओळखलं. त्याच कोपऱ्यात रोज आठ तास बसणाऱ्या आपल्या पोराचं मात्र ओळखलं नाही, आणि हे त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

घरी दामू गप्प झाला. आधी मामीशी, भीमाबाईशी, त्याच्या गप्पा संपायच्या नाहीत. आता तो जेवायला बसताना पाट उचलून भिंतीला लावायचा आणि पाठ टेकून बसायचा. सायकलवरून जाताना दर फर्लांगाला मागे वळून बघायचा.

"काय बघतोस रं?" लडकूनं विचारलं.

"काय नाय मामा. वाटलं कोन हाय."

"कोन असनार?"

"कोन नाय."

भीमाबाई म्हणाली, "आवो, पोराचं काय तरी बिनसलंय. एकदा कोनाला दाखवा." लडकू तिच्यावर उखडला. दाखवा म्हणजे भगताला, असं त्यानं धरलं. आपल्या घरात अंगारा आला तर सखारामभाऊ हसतील, नदीत सोडलेले देव हसतील, असं काहीबाही तो बोलला. दामूला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "मन घट्ट कर. टेबलात काय नाय." दामूनं मान हलवली. त्या होकाराचं लडकूला बरं वाटलं. खरं तर तिथेच त्याला काळजी वाटायला हवी होती.

एका रविवारी साफसफाईसाठी लडकूनं ऑफिस उघडलं. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत कोपऱ्यात संध्याकाळ. फडकं मारता मारता त्याला काय वाटलं कोण जाणे, तो दामूच्या खुर्चीवर बसला. शिपायानं खुर्चीवर बसायची पद्धत नव्हती, त्यामुळे आधी जरा अवघडला. मग समोर पाच रिकाम्या टेबलांपलीकडे पोपटी भिंत, उजवीकडे विटा, आणि विटांमधून येणारी कॉम्प्रेसरची घरघर. ती कानात येत नव्हती, दातांत येत होती. पाचेक मिनिटांत त्याची मान मागे वळली. केबिन रिकामी होती. तो पुढे बघायला लागला, पुन्हा मान वळली. केबिन रिकामी आहे, दाराला कडी आहे, किल्ली खिशात आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी मान वळायची राहीना. कशाला न भिणारा लडकू सोनावळे भर दुपारी घामानं निथळला आणि अर्ध्या तासात उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

भूत नव्हतंच. पण भूत नाही म्हणजे तिथे काहीच नाही, हा हिशेब कोणी शिकवला होता त्याला? सखारामभाऊंना काहीतरी आहे हे कळलं होतं, काय ते चुकलं होतं. याला तर काही आहे हेच कळलं नव्हतं.

सोमवारी तो साहेबांपुढे गेला. खिडकी उघडावी, टेबल फिरवावं, पाठ भिंतीला येईल असं. साहेब म्हणाले, "टेबलं आहेत तशीच राहू दे, कामात लक्ष राहतं. खिडकीचं स्टाफला विचार." स्टाफनं एकमुखानं नाही म्हटलं.

"बंद केलेली वाट उघडतोस व्हय?" सखारामभाऊ म्हणाले. "तुला भ्या नाय, आमाला हाय. आमची बायकापोरं हायेत."

लडकूला तिथेच कुंडी फेकून मारावीशी वाटली. पण पुढच्या आठवड्यात मुंबईचे साहेब पाहणीला येणार होते. एवढी पाहणी होऊन जाऊ दे, मग पुन्हा विचारू, असं त्यानं ठरवलं. आठ दिवसांचा तर प्रश्न. तोवर दामूला घरी ठेवावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. पण पाहणीच्या वेळी टेबल रिकामं दिसलं तर नोकरी जाईल, या भीतीनं त्यानं तोंड उघडलं नाही.

पाहणीच्या दिवशी दुपारी साहेबांनी काचेवर टकटक केलं. हाक दुसऱ्याला होती. पाच माना वळल्या. दामू मात्र उठला, रजिस्टर छातीशी धरलं, काचेपाशी गेला आणि केबिनला पाठ चिकटवून खाली फरशीवर बसला. गुडघ्यावर रजिस्टर ठेवून शांतपणे नंबर लिहू लागला. वर काचेआड मुंबईचे साहेब वाकून बघत होते. आपल्या साहेबांनी त्याच्या डोक्यावर पुन्हा टकटक केलं. दामू लिहीत राहिला. ऑफिसात एवढी शांतता झाली की कॉम्प्रेसर किती मोठ्यानं चालतो ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

लडकू त्याच्यापुढे जाऊन बसला. "दामू, ऊठ. घरी जाऊ."

"मामा, आता मागं कोन नाय," दामू म्हणाला. किती दिवसांनी तो हसला होता. "हितंच बसतो."

त्याला उचलून न्यावं लागलं. केबिनपासून पाठ सुटली तसा तो ओरडायला लागला, तो घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लडकू सायकलला पहार बांधून कामावर आला. कोणाला न विचारता त्यानं खिडकीच्या विटा फोडल्या. सखारामभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले, साहेब केबिनमधून बघत राहिले, पण कोणी अडवलं नाही. धुरळा खाली बसला तेव्हा कोपऱ्यात ऊन आलं होतं. महिन्याभरात साहेबांनी आपणहून सगळी टेबलं फिरवून घेतली आणि पेन्सिलीचं टकटक बंद झालं. त्या टेबलावर पुढे आलेला माणूस अकरा वर्षं सुखानं बसला, खिडकीत तुळस लावून. सखारामभाऊंचं म्हणणं असं की ते होतं ते दामूबरोबर गेलं, म्हणून टेबल सुटलं. लडकूनं त्यांच्याशी वाद घातला नाही. त्याला रोज ते टेबल पुसावं लागायचं.

दामूला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, ओरडणं थांबलं. मग पुतळाबाई त्याला वाडीवर घेऊन गेली. निघताना ती भावाला म्हणाली, "दादा, भूत नव्हतं म्हनतोस ना? मग माज्या पोराला काय लागलं, त्येवढं सांग."

लडकू म्हणाला, "ती खोली लागली गं त्याला. आनि मी नेऊन बसवला."

पुतळाबाईनं दामूचा हात धरला आणि ती निघाली. तिनं भावाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दामू शेतावर जायचा, कामं करायचा, पण उघड्यावर त्याला घास उतरत नसे. शेतात भिंत कुठली? म्हणून दर रविवारी लडकू सकाळच्या एस.टी.नं कशेळ्याला उतरायचा आणि चालत वाडीवर जायचा. रिटायर झाल्यावर तर तिथेच राहिला. दुपारी बांधावर दामू भाकरी सोडायचा आणि लडकू त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचा, तोंड डोंगराकडे करून. दोन घास झाले की पोरगा थांबायचा.

"मामा, मागं कोन हाय?"

"मी हाय रं. जेव तू."

मग तो आणखी दोन घास खायचा आणि पुन्हा विचारायचा.